कंदिलाच्या हुकाशेजारचं पोळं

मुलुंड पूर्वेहून मीनलचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून थोडं आखडून देते.

'ताई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दसऱ्याची साफसफाई करताना हॉलच्या ग्रिलबाहेर, वरच्या शेडखाली गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं. आमटीच्या वाटीएवढं असेल. पंधरा-वीस माश्या कायम बसलेल्या असतात. आणि नेमकं कंदिलाच्या हुकाला लागून. सासूबाई रोज सकाळी तिथल्या तुळशीला पाणी घालतात, संध्याकाळी दिवा लावतात. मुलगी सहा वर्षांची आहे, ग्रिलमध्ये बसून चित्रं काढणं ही तिची आवडती गोष्ट. मिस्टर म्हणतात, आमच्या गावाला चूड पेटवून लावतात, दोन मिनिटांचं काम. शेजारचे काका म्हणतात, वॉचमनला दोनशे रुपये द्या, तो बांबूने पाडेल. सासूबाई म्हणतात, राहू दे, माशीने घर केलं की घरात पाळणा हलतो. दिवाळी तोंडावर आलीय. मी काय करू? मला अगंतुगं केलंत तरी चालेल.'

प्रिय मीनल,

आधी मिस्टरांना चूड खाली ठेवायला सांग. बाकीचं मग बोलू.

गावाकडे चूड लावतात हे खरं आहे, मीही लहानपणी पाहिलंय. पण तिथे पोळं असतं आंब्याच्या फांदीला नाहीतर गोठ्याच्या वाशाला. खाली मोकळं अंगण, पळायला चारी दिशा, आणि चूड धरणारा जमिनीवर उभा. तुझ्या घरी काय आहे ते बघ. वर शेड, शेजारी एसीचं आउटडोअर युनिट आणि त्याची वायर, भिंतीवरून गेलेली पाइप गॅसची नळी असेल तर तीही, चौथ्या मजल्यावरून खाली लोंबणाऱ्या साड्या. गांधीलमाशीचं पोळं म्हणजे निव्वळ कागद. पेटलं की देठ जळतो आणि जळता गोळा खाली जातो, दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये, जिथे कुणाचे तरी टॉवेल वाळत असतात. शिवाय सगळ्या माश्या जळतात असंही नाही. धग लागताच ज्या उडतात त्या समोर जो असेल त्याच्यावर येतात, आणि समोर तुझे मिस्टर असतात, स्टुलावर, अर्धे ग्रिलबाहेर.

आगीपेक्षाही मला या 'स्टुलावर, अर्धे बाहेर' याची धास्ती वाटते. हे मी ऐकीव सांगत नाहीये. पंचवीसेक वर्षांपूर्वी विलेपार्ल्याच्या आमच्या जुन्या घरी बाल्कनीच्या छताला असंच पोळं झालं होतं, तुझ्याहून लहान. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज. भरदुपारी स्टुलावर चढले, झुरळांचा स्प्रे घेतला आणि मारला. एक माशी थेट डाव्या पापणीवर येऊन डसली. त्या क्षणी मी काय केलं ते मला आठवतच नाही. एवढंच आठवतं, की मी दिवाणखान्याच्या लादीवर पाठीवर पडले होते आणि डबा बाल्कनीतून खाली गेला होता. स्टुलावर उभं राहिलं की बाल्कनीचा कठडा माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. मी घराच्या बाजूला पडले, हा निव्वळ योग. डोळा तीन दिवस उघडत नव्हता, पण ते काहीच नाही.

डंख बसला की माणूस दचकतो आणि हात सोडतो. पैलवान असो की प्राध्यापक, ते कुणाच्या ताब्यात नसतं. म्हणून पोळं काढणाऱ्याचे पाय एकतर जमिनीवर हवेत, नाहीतर त्याच्या अंगाला पट्टा आणि दोरी हवी. तिसऱ्या मजल्यावर गांधीलमाशीपेक्षा तिसरा मजला जास्त घातक असतो.

वॉचमनचंही तेच. तुमच्या शेजारच्या काकांना राग आला तरी चालेल, पण हे मुंबईतलं जुनं दुखणं आहे: जे काम आपल्याला भीतीचं वाटतं ते दोनशे रुपयांत वॉचमनच्या गळ्यात घालायचं. तो नाही म्हणू शकत नाही, कारण नोकरी. खालून बांबू मारला की पोळं त्याच्याच डोक्यावर पडणार. अंगात हाफ शर्ट, पायात चप्पल. त्याला काही झालं तर विमा नाही, गावाकडून माणूस यायला दोन दिवस. नकोच ते.

आता पोळ्याकडे बघू. काच बंद कर, मोबाइल काचेला टेकव, झूम कर आणि पाच मिनिटं शांतपणे बघ. काय दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

करड्या रंगाचं, उलट्या छत्रीसारखं, खालून षट्कोनी घरं उघडी दिसणारं आणि वर पेन्सिलच्या शिशाएवढ्या बारीक देठाने लटकलेलं असेल, तर ती कागदी पोळं करणारी गांधीलमाशी. तू 'वाटीएवढं' म्हणतेस म्हणजे बहुधा हीच. वाळकं लाकूड खरवडायचं, लाळेत मळायचं आणि पातळ थर देत जायचं, असा तिचा उद्योग. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीची जुनी सागवानी चौकट एक माशी महिनाभर खरवडत होती. वर्ग शांत असला की त्याची कुरकुर ऐकू यायची, आणि चौकटीवर फिकट पट्टे उमटले होते, कुणी नखाने ओरखडावं तसे. काही घरांवर पांढरी टोपणं दिसतील. आत कोष आहेत. त्या बारीक देठाला माशी स्वतःच्या अंगातला एक द्रव वरचेवर चोळत असते. मुंग्यांना तो आवडत नाही, म्हणून एवढं सगळं उघड्यावर टांगलेलं असूनही आतल्या अळ्या शाबूत राहतात.

अशा लहान, तांबूस-काळपट गांधीलमाश्यांपैकी एक जात, रोपालिडिया मार्जिनाटा, आपल्याकडे फार नीट अभ्यासली गेलीय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं तिचाच माग काढला. त्यांनी दाखवलेली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की हिची राणी मुळीच दांडगाई करत नाही. पोळ्यावर ती इतकी निमूट असते की वागण्यावरून ओळखूही येत नाही. पण तिला काढलं, की उरलेल्यांतली एक माशी एकाएकी भयंकर आक्रमक होते आणि तीच पुढची राणी होते. (आमच्या सोसायटीत सेक्रेटरी बदलतात तेव्हा साधारण असंच होतं.) तुझ्या कामाचा मुद्दा एवढाच, की दोन-चार माश्या चपलेने मारून पोळं संपत नाही. आणि आणखी एक: परदेशी व्हिडिओंत सांगतात, थांबा, हिवाळ्यात पोळं आपोआप ओस पडेल. मुंबईला हिवाळा आहे कुठे? या माशीची पोळी इकडे बाराही महिने नांदती असतात.

पोळ्याऐवजी मातीचा लिंपलेला गोळा किंवा नळ्या दिसल्या, तर ती कुंभारीण. तिला हातही लावू नकोस. ती एकटी राहते, कोळी किंवा अळ्या धरून आत कोंडते, त्यावर तिची पिल्लं वाढतात. मुद्दाम हातात धरल्याशिवाय ती डसत नाही. सासूबाई म्हणतात तो पाळणा हलण्याचा समज या कुंभारणीचा आहे, कागदी पोळ्याचा नाही! तेव्हा त्यांना सांग, शास्त्राप्रमाणेही हे ते घर नव्हे.

मोठ्ठी, काळी, पोटावर एकच ठळक पिवळा पट्टा असलेली माशी दिसली आणि पोळं बंद मडक्यासारखं, एकाच भोकाचं असेल, तर मात्र खिडकी उघडूच नकोस. ती गांधीलमाशीतली दांडगी जात. लहान गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून त्यांच्या अळ्या पळवणारी. एखाददुसरी तुझ्या पोळ्याभोवती घिरट्या घालताना दिसली तर ती त्यासाठीच आलेली असते. पण तिचं स्वतःचं पोळं घराला असेल, तर तो घरगुती प्रकार राहिलेला नाही.

आणि हातभर रुंद, काळपट, लाटा उठल्यासारखं हलणारं, एकच लोंबतं पोळं म्हणजे आग्या मोहोळ. टाकीखाली, टॉवरच्या छज्जाखाली असतं ते. त्या मधमाश्या आहेत, हजारोंनी असतात, आणि त्यांना डिवचलं तर अख्ख्या कंपाउंडला भोगावं लागतं. मधमाश्या असतील तर मारणाऱ्याला बोलावण्याआधी मोहोळ हलवणारा मिळतो का ते बघावं. पुण्याला 1962 पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे शिकून हे काम करणारी माणसं असतात.

पोळं काढायलाच हवं का? खरं सांगायचं तर पुष्कळदा नको. गांधीलमाशी दिवसभर अळ्या मारत असते. ज्यांच्या कुंड्यांत लिंबू, कढीपत्ता आहे त्यांच्यावर तिचे उपकारच आहेत. डक्टमध्ये, टेरेसच्या टाकीमागे, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथलं पोळं मी तरी राहू देते. ती उगाच अंगावर येत नाही. पोळ्याला धक्का बसला, जवळ आपटाआपट झाली, कुणी फुंकर घातली, की मग येते.

पण तुझं पोळं तसल्या जागी नाही. खाली रोज सकाळी सासूबाईंचा तांब्या, संध्याकाळी दिवा, पोरगी ग्रिलमध्ये बसलेली. त्यात दिवाळी: पत्र्याखाली फटाक्यांचा धूर कोंडणार, लवंगीची माळ खाली कंपाउंडमध्ये वाजली तरी शेड थरथरणार. आणि कंदिलाचा दिवा! रात्री डिवचलेल्या माश्या उजेडाकडे जातात. पोळ्याला खेटून चाळीस वॅटचा बल्ब लावायचा म्हणजे त्यांना हॉलची वाट दाखवायची. तेव्हा हे काढायचंच, आणि दिवाळीआधी.

तू किंवा मिस्टरांनी नाही.

सेक्रेटरींना आजच लेखी दे. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे त्याच्याखाली लगेच चाळीस सुप्रभात येतात. फोटो जोड, मजला आणि जागा लिही. पोळं भिंतीला आहे की तुमच्या ग्रिलला, खर्च कुणाचा, यावर वाद होईल. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची देखभाल सोसायटीकडे असते; ग्रिल आणि शेड तुम्ही लावलेली असेल तर ते म्हणतील तुमचं तुम्ही बघा. माझं मत विचारशील तर यात भांडू नकोस. पेस्ट कंट्रोलवाल्याचे पैसे अर्धे-अर्धे वाटून घे आणि मोकळी हो. महापालिकेचा कीटकनाशक विभाग मुख्यतः डास आणि उंदीर यांच्या मागे असतो. त्यांच्या 1916 या फोन नंबरवर विचारून बघ, पण त्या भरवशावर दिवाळीपर्यंत बसू नकोस.

पेस्ट कंट्रोलचा माणूस ठरवताना भाव विचारायच्या आधी बाकीचं विचार. परवाना आहे का? पैसे घेऊन कीटकनाशक फवारायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो दाखवायला चांगल्या माणसाला लाज वाटत नाही. जाळीचा टोप, जाड हातमोजे आणि अंगभर पोशाख आहे का? तिसऱ्या मजल्यावर तो पोचणार कसा: तुमच्या घरातून लांब दांड्याच्या नळीने, की गच्चीवरून दोरीने? दोरीने असेल तर कमरेला पट्टा आणि दुसरी सुरक्षेची दोरी दिसल्याशिवाय त्याला कठड्यापलीकडे जाऊ देऊ नकोस. रंगकामाच्या झुल्यावर नुसतं बसून येणारे असतात, त्यांना नम्रपणे चहा देऊन परत पाठव. औषधाचं नाव विचारून कागदावर लिहून ठेव. कुणाला त्रास झालाच तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि 'मॅडम, आत्ता दुपारी येतो, मोकळाच आहे' असं म्हणणाऱ्याला फोनवरच नको म्हण. दुपारी निम्म्या माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात. पोळं नाहीसं झालं की त्या परत येऊन त्या जागेभोवती चवताळून फिरतात. काम अंधार पडल्यावर करायचं. तेव्हा सगळ्या पोळ्यावर असतात आणि मंद असतात. हे काम जाणणारा माणूस बॅटरीला लाल कागद लावतो. लाल उजेड माश्यांना फारसा दिसत नाही.

त्या संध्याकाळी तुझं काम घरातलं. तुळशीची कुंडी अजून बाहेर असेल तर दुपारीच आत घे. तिची पानं खाता ना तुम्ही; त्यावर औषध उडायला नको. त्या दिवशी ग्रिलमध्ये दिवा लावू नका, देवघर खिडकीशी असेल तर समई, उदबत्तीही नको. डब्यातल्या फवाऱ्यात पेट घेणारा वायू असतो, आणि ही चूक सवयीने होते: सात वाजले, हात आपोआप काडेपेटीकडे गेला. पाळलेल्या माशांची टाकी (फिश टँक) असेल तर तिच्यावर ओला कपडा घाल आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेव, कारण ही औषधं माशांना फार विषारी असतात. काही मांजरांनाही बाधतात, तेव्हा मांजर असेल तर त्याला आतल्या खोलीत कोंड. हॉलचे दिवे बंद, खिडक्या बंद, एसी बंद. वर-खाली-शेजारी तिन्ही घरांना तासभर खिडक्या लावून घ्यायला सांग, आणि खाली कंपाउंडमध्ये पोरं क्रिकेट खेळत नसतील हे बघ. वॉचमनला काम द्यायचंच असेल तर हे द्या: खालून कुणाला त्या बाजूला जाऊ न देणं.

पोळं निघाल्यावर तो माणूस लगेच सामान आवरायला लागेल. त्याला थांबव आणि देठाची जागा खरवडून साबणाच्या पाण्याने पुसून घ्यायला सांग. उरलेल्या माश्या दोन-तीन दिवस तिथे भिरभिरतात, आणि जागा आवडली तर तिथेच नाहीतर हातभर बाजूला पुन्हा देठ लावतात. आठवडाभर रोज सकाळी काचेआडून एक नजर टाकायची. नवं पोळं तीन-चार घरांचं आणि एका-दोघींचं असतं.

तोपर्यंतचे दिवस कसे काढायचे? कंदिलाच्या बाजूची खिडकी बंद. कपडे दुसऱ्या खिडकीला. तिथेच वाळत घालावे लागले तर आत घेताना प्रत्येक कपडा झटकून बघायचा, खास करून मुलीच्या फ्रॉकच्या बाह्या. गांधीलमाशी घडीत शिरून बसते आणि घालताना डसते. सासूबाईंना सांग, तुळस महिनाभर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी आली म्हणून रागावणार नाही. माशी घरात शिरलीच तर दिवा बंद करायचा, खिडकी उघडायची आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन तिच्यामागे धावायचं नाही. पोळ्याजवळ माशी चिरडली तर तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या पिसाळतात, हे विसरू नका.

हे सदर वाचणारे सगळेच काही तिसऱ्या मजल्यावर राहत नाहीत. तळमजल्याच्या खिडकीत, चाळीच्या गॅलरीत, बैठ्या घराच्या पडवीत, जमिनीवर उभं राहून हात पोचेल अशा जागी, रुपयाच्या नाण्याएवढं, दोन-चार माश्यांचं नवं पोळं असेल आणि घरात कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी नसेल, तर ते घरी काढता येतं. रात्र झाल्यावर. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, फुल पँट मोज्यांत खोचलेली, बूट, वरून पावसाळी रेनकोट, डोळ्यांवर चष्मा. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड. साबणाच्या पाण्याने माशीचे पंख भिजतात आणि श्वासाची छिद्रं बुजतात. विषारी औषधाची गरजच पडत नाही. बरोबर खाली उभं न राहता थोडं बाजूला, पळायची वाट पाठीशी मोकळी ठेवून, भरपूर भिजवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि लांब दांड्याच्या झाडूने देठासकट खरवडून काढायचं. एक जरी माशी अंगावर आली तर ते काम तिथेच सोडून घरात. अर्धवट राहिलं तर उद्या रात्री. रॉकेल, फिनेल, पेटता कागद, पाण्याचा पाइप, यांतलं काही नको. पोळं तळहातापेक्षा मोठं असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

आता डंखाचं. कितीही सांभाळलं तरी एखादा बसतोच, म्हणून हे मुलीच्या वहीच्या मागे लिहून ठेव.

मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, ती नखाने लगेच खरवडून काढायची. गांधीलमाशी नांगी सोडत नाही, पण तीच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते, म्हणून आधी तिथून लांब जायचं. हाताला डसली तर सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या, पाटल्या उतरवायच्या. नंतर त्या सोनाराकडे जाऊन कापाव्या लागतात, आणि ते दुःख डंखापेक्षा जास्त टिकतं! साबणाने धुवायचं, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं लावायचा. चुना, लोखंड घासणं, कांदा, टूथपेस्ट: विष कातडीच्या आत टोचलेलं असतं, वरचा लेप तिथवर पोचत नाही. लोखंडाचा गार स्पर्श बरा वाटतो, एवढंच. चुना तर डोळ्याजवळ, ओठाजवळ मुळीच नको, भाजतो. खाज आणि सूज दुसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते. त्याने घाबरायचं नाही. मोठ्यांना सेटिरिझीन ही अ‍ॅलर्जीची गोळी चालते, पण मुलीला तिच्या डॉक्टरांना विचारूनच.

घाबरायचं कशाला ते सांगते. डंख हाताला आणि गांधी उठल्या पोटावर, पाठीवर. ओठ, जीभ, पापण्या सुजल्या. आवाज घोगरा झाला, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, छातीत शिट्टी वाजते. उलटी, चक्कर, अंग गार पडणं. यांतलं काहीही, बहुतेक वेळा काही मिनिटांत ते तासाभरात, दिसलं तर 108 लावायचा किंवा रिक्षा-टॅक्सी जे आधी मिळेल त्याने जवळच्या मोठ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात न्यायचं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नंबर लावून बसायचं नाही. आडवं झोपवायचं आणि पाय उशीवर, दम लागत असेल तर टेकून बसवायचं. उभं करून चालवायचं नाही. यावर औषध एकच, मांडीत द्यायचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. सासूबाईंना बी.पी.च्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टी बरोबर ने. काही गोळ्यांमुळे हा झटका आटोक्यात आणणं अवघड जातं, आणि डॉक्टरांना ते आधी कळलेलं बरं. डंख तोंडात किंवा घशात बसला असेल, किंवा एकदम दहा-पंधरा बसले असतील, तर काही होत नसलं तरी दाखवून यायचं. खूप डंखांनंतर एक-दोन दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर विषाचा परिणाम मूत्रपिंडावर होतोय, त्याच घटकेला इस्पितळ गाठायचं.

मिस्टरांवर एक काम सोपव, म्हणजे त्यांनाही वाईट वाटायला नको: यंदाचा कंदील हॉलच्या आत, पडद्याच्या दांडीला टांगायची सोय. काचेतून बाहेर तितकाच छान दिसतो. शेडखालचा हुक मात्र पोळं निघालं की त्यांनी बदलून घ्यावा, भिंतीपासून पुढे येईल असा. दोन पृष्ठभाग जिथे मिळतात आणि वर आडोसा असतो तिथेच माशीला देठ लावायला आवडतं.

मुलीला पोळं हातात बघायचं असणार. निघालेल्या पोळ्यावर औषध असेल, तेव्हा ते पिशवीत बांधून सरळ कचऱ्यात. त्यापेक्षा उद्या शनिवार आहे, काच बंद करून तिला आतून त्याच्यासमोर बसव, कागद आणि करडा खडू दे. सकाळी आठ-नऊला उन्हं आली की माश्या कामाला लागतात. तोंडात हिरवट गोळी धरून एखादी आलेली दिसेल. ती मारलेली अळी असते, चावून बारीक केलेली. ती कुठल्या घरात जाते आणि कोण तिच्या तोंडातून काढून घेतं, हे मुलीला बघायला सांग. चित्राचा फोटो पाठवलास तर मला आवडेल.

तुझी,
ताई